आयुष्याचे माप



सुरतेच्या लिंबायत भागात मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे येथे कापडाच्या धंद्यात स्थिरावली. अशाच एका घरी नव्वदी ओलांडलेल्या आजी लिंगैक्य झाल्या, तेव्हा भेटीस जाण्याचा योग आला. जमलेल्यांपैकी जो तो म्हणत होता, "पुण्याई मोठी, म्हणून एवढे आयुष्य लाभले." पाण्याचा तांब्या घेऊन आलेली नातसून हे ऐकून उंबऱ्यातच थबकली. जाताना मला हळूच म्हणाली, "आप्पा, माझी आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. चोवीस वर्षांची होती. मग तिच्या पदरी पुण्यच नव्हतं का?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. दीर्घायुष्य हे पुण्याचे फळ असे आपण सहज बोलून जातो. बोलण्यामागे आदरच असतो. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू कुणाच्या काळजात रुतते, याचा विचार आपण करीत नाही. जास्त जगला तो पुण्यवान असे मानले, तर लवकर गेला तो कोण? परंपरा सांगते की अक्कमहादेवी ऐन तारुण्यातच कदळीवनात लिंगैक्य झाली. तिला अल्पपुण्य म्हणण्यास आपली जीभ रेटेल काय?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका मराठी स्त्रीचे चरित्र आठवले. तिच्या आयुष्याची वीसहून अधिक वर्षे याच सुरत शहरात गेली. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज नव्वदीचे माणूस अनेक घरांत दिसते. पण १८८१च्या जनगणनेवरून काढलेले हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. किती अर्भके दगावत आणि किती माता बाळंतपणात जात, हे त्या एका आकड्यात दडलेले आहे. त्या काळात जन्मलेल्या बाईने नव्वदी गाठणे ही अपूर्व गोष्ट होती.

परंतु ही वर्षे तिची तिला सुखासुखी मिळाली नव्हती. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. ती मात्र सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिली व शिकली. पुढे पतीने तिचा ताबा मागितला आणि १८८४ साली प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. समजण्याच्या वयाआधी, संमतीवाचून लावलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, अशी तिची भूमिका होती. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की तिने पतीकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा. तिने तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

वाचकहो, येथे एक तारीख ध्यानात घ्यावी. या निकालाच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या होत्या, पण रुग्णसेवा करण्याची संधी मिळण्याआधीच क्षयाने त्यांना नेले. त्यांचा जन्म रखमाबाईंनंतर चारच महिन्यांनी झालेला. एकीला एकवीस वर्षे मिळाली, दुसरीला नव्वद. दोघी बालवयात विवाहित, दोघी जिद्दीच्या, दोघींची ओढ एकच. यांतली कोण पुण्यवान ठरवावी? तराजू हातात घेतला तरी पारडे हलत नाही, कारण आयुष्याची लांबी हे त्याचे मापच नव्हे.

मग रखमाबाईंच्या नव्वद वर्षांना काही अर्थ नाही काय? अर्थ आहे, पण तो निराळ्या जागी आहे. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. परक्या पुरुषाने तपासण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांचा तो काळ. अतिरक्तस्राव, अडलेली बाळंतपणे, सूतिकाज्वर यांत घरोघरी तरुण माता जात. अशा घरांतल्या बायका ज्या दवाखान्यात निःसंकोच येतील, त्याची जबाबदारी त्यांनी वाहिली. पुढे त्या राजकोटला गेल्या. सुमारे पस्तीस वर्षे हेच त्यांचे कायक होते.

आता त्या नातसुनेच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहा. "तिचे पुण्य कमी होते" असे एकदा म्हटले की आपली जबाबदारी संपते. वेळेवर डॉक्टर होता काय, रक्त मिळाले काय, पोरवयात लग्न झाले होते काय, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. मृत्यूचा दोष मरणारीच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. रखमाबाईंनी तसा हिशेब मांडला असता, तर सुरतेच्या त्या रुग्णालयात जाण्याचे त्यांना काही कारणच नव्हते.

दासोह आपल्या मालकीच्या वस्तूचाच होतो. बळजबरीने काढून घेतलेले ते दान नव्हे. रखमाबाईंनी आपले आयुष्य आधी कोर्टात झगडून स्वतःचे करून घेतले आणि मगच ते वाटून टाकले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारल्यावर मात्र विधवेचे पांढरे लुगडे नेसल्या. नाकारलेल्या नात्याचे हे ओझे त्यांनी का उचलले, याचा निवाडा आपण करू नये. मिळालेल्या वर्षांची किंमत त्यांनाही मोजावी लागली, एवढेच त्यावरून कळते.

पुढे त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा त्या मुलीला म्हणालो, "बाई, तुझ्या आईच्या पुण्यात काही उणे नव्हते. उणे होते ते तिच्या भोवतालच्या आमच्यात." ती काही बोलली नाही. आतून आपल्या लेकीला घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला लावले. "शंभर वर्षे जग" हा आशीर्वाद सवयीने ओठांवर आला. पण या वेळी तो उच्चारताना वाटले, हे नुसते बोलून भागणार नाही. तिला ती वर्षे मिळावीत म्हणून आपल्यालाही काही करावे लागेल.

शरणु शरणार्थी.