‘खरी नक्कल’ : घरी घडविलेल्या गाडीच्या निमित्ताने

१

शासकीय कचेरीतून मिळणाऱ्या कागदावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का असतो. या दोन शब्दांच्या सहवासात काही विसंगती आहे असे आपल्याला सहसा जाणवत नाही. ‘नक्कल’ हा शब्द आपण सोंगासाठी वापरतो, निंदेसाठी वापरतो आणि दस्तऐवजाच्या उताऱ्यासाठीही वापरतो. ‘प्रत’ हा शब्द तर याहून अर्थपूर्ण आहे. ग्रंथाच्या एका नगाला आपण प्रत म्हणतो आणि ‘उत्तम प्रतीचा’ असे म्हणताना त्याच शब्दाने गुणवत्तेचे माप सांगतो. नक्कल खरी असू शकते, तिची प्रतवारी लावता येते, हे भाषेने केव्हाच मान्य केलेले आहे. समीक्षेने मात्र ते मनापासून मान्य केलेले दिसत नाही. आपल्या समीक्षाव्यवहारात ‘अनुकरण’, ‘उसनवारी’, ‘परभृतता’ हे शब्द आरोपपत्रातील शब्दांसारखे येतात आणि ‘अस्सल’ हा शब्द निकालपत्रातल्यासारखा.

प्रस्तुत लेखात मी या प्रश्नाचा विचार एका वाङ्मयबाह्य उदाहरणाच्या आधारे करू इच्छितो. ते उदाहरण आहे घरी घडविलेल्या मोटारीचे. वाङ्मयीन अनुकरणाच्या चर्चेत आपले पूर्वग्रह आधीच ठरून गेलेले असतात. मोटारीविषयी ते तेवढे घट्ट नसावेत, एवढाच या निवडीमागचा हेतू आहे.

२

इंग्लंडमध्ये हौशी माणसांनी स्वतःच्या घरी, बहुधा गाडीच्या खोलीत, जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती तयार करण्याची दीर्घ परंपरा आहे. लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची उघडी, दोन आसनी गाडी सुट्या भागांच्या रूपातही विकायला काढली, कारण सुट्या भागांवर तयार गाडीसारखा खरेदीकर द्यावा लागत नसे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक लिहिले आणि त्यावरून या घरगुती गाड्यांचे एक कुळच निर्माण झाले. या गाड्यांची प्रदर्शने भरतात. तेथे मालक गाडीच्या शेजारी उभा असतो, बॉनेट उघडे असते, आणि बऱ्याचदा एका फलकावर इंजिन कोणत्या गाडीचे, गिअरबॉक्स कोणत्या गाडीचा, याची कबुली दिलेली असते. पाहणारे ‘ही खरी आहे का?’ असे न विचारता ‘ही कशी जोडली?’ असे विचारतात.

फलक लावला की नक्कल लबाडी राहत नाही, ही पहिली गोष्ट येथे लक्षात येते. खोटेपणा वस्तूत नसतो; वस्तूच्या साहाय्याने जे विधान केले जाते त्यात तो असतो. तीच गाडी ‘मी बांधली’ म्हणून दाखविली तर ती कर्तृत्व ठरते आणि ‘मूळची’ म्हणून विकली तर फसवणूक. ब्रिटिश नोंदणीव्यवस्थेने हा विवेक क्रमांकाच्या पाटीतच आणला आहे. ज्या गाडीचे वय वा ओळख निश्चित करता येत नाही तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तिला रस्त्यावर यायची मुभा असते, परंतु उसने जन्मवर्ष मिरवायची नसते.

३

परंतु ‘मूळ’ म्हणजे तरी काय? सर्वांत अधिक प्रतिकृती झालेल्या गाड्यांत ‘कोब्रा’ अग्रस्थानी असावी. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी एसी या इंग्लिश कंपनीच्या ‘एस’ गाडीच्या सांगाड्यात अमेरिकन फोर्डचे इंजिन बसविले आणि ती जन्मली. ज्या ‘एस’चा हा देह, तिचे रूपही फेरारीच्या ‘बार्केटा’वरून घेतलेले होते, असे मोटारींचे इतिहासकार सांगतात. म्हणजे ज्या मूळकृतीच्या शुद्धतेची आपण काळजी वाहतो तीच दुसऱ्याच्या सांगाड्यावर, तिसऱ्याच्या इंजिनाने, चौथ्याच्या रूपाची आठवण ठेवून उभी राहिलेली आहे.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग कल्पिले. चित्रासारख्या कृती स्वहस्तनिष्ठ असतात. तेथे कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती मूळ ठरत नाही, कारण कृतीची ओळख तिच्या निर्मितीच्या इतिहासात असते. संगीतरचना किंवा कविता संहितानिष्ठ असते. तिची प्रत्येक अचूक प्रत ही ती कविताच असते. मोटार कोणत्या वर्गात बसते? आराखडा ही तिची संहिता मानली तर ती कवितेसारखी आहे आणि आराखड्याबरहुकूम बांधलेली कोणतीही गाडी मूळच आहे. बाजार मात्र तिला चित्रासारखे वागवतो आणि सांगाड्यावरच्या क्रमांकात तिचा आत्मा शोधतो. जॅग्वारने १९६३ मध्ये हलक्या वजनाच्या ‘ई-टाइप’साठी अठरा क्रमांक राखून ठेवले होते, त्यांपैकी बाराच गाड्या झाल्या. २०१४ मध्ये कंपनीने उरलेल्या सहा क्रमांकांवर सहा गाड्या बांधण्याचे ठरविले. पन्नास वर्षांनी जन्मलेल्या या गाड्या मूळ की प्रती? कंपनीच्या वहीत त्या मूळ आहेत. धातू आणि हात यांच्या दृष्टीने त्या प्रती आहेत. ‘मूळ’ हा वस्तूचा गुणधर्म नसून तो एक हक्क आहे आणि तो कोणीतरी कोणाला तरी देत असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला यात फारसे आश्चर्य वाटू नये. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी घरोघरचे पाट गणपतीच्या शाळेत जातात. पुष्कळ घरांचा आग्रह असतो की मूर्ती गेल्या वर्षीसारखीच हवी. गेल्या वर्षीची मूर्ती तर विसर्जित झालेली असते. आणि तीही त्याच्या आदल्या वर्षीसारखीच होती. या मालिकेत मूळ मूर्ती कोठेच नाही. असलाच तर फक्त पाट तेवढा टिकून आहे. तरीही या मूर्तीला कोणी नक्कल म्हणत नाही. सातत्य राखण्याची जबाबदारी ज्या हाताने घेतली त्या हातावरच्या विश्वासाने तिचे खरेपण सिद्ध होते.

४

येथे श्रीशंकुकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नटाला पाहून ‘हा राम’ अशी जी प्रतीती होते ती सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशयाची नाही आणि सादृश्याचीही नाही. चित्रातील घोड्याला ‘हा घोडा’ म्हणताना होते तशी ती असते, असा त्याचा चित्रतुरगन्याय. प्रदर्शनातील प्रतिकृतीकडे पाहणाऱ्याची मनःस्थिती नेमकी हीच आहे. तो फसलेला नाही, त्याला शंका नाही, आणि तो केवळ साम्य मोजीत नाही. भट्टतौताने या अनुकरणवादावर आक्षेप घेतला तो असा की, रामाला कोणी पाहिलेलेच नाही, मग नट अनुकरण करतो ते कोणाचे? आमच्या दशावताराच्या रंगभूमीवर हा आक्षेप दर रात्री प्रत्यक्षात उतरतो. लिखित संहिता नसताना नट आपले संवाद तेथल्या तेथे रचतो. अनुकरणासाठी त्याच्यासमोर मूळ नसतेच, असते ती परंपरा, आणि तिच्याशी इमान राखून त्याला नवे बोलावे लागते.

तथापि चित्रतुरगन्यायाला एक मर्यादा आहे. चित्रातल्या घोड्यावर कोणी बसत नाही. घरी बांधलेल्या मोटारीत मात्र माणसे बसतात आणि तिच्यासमोरून रस्ता ओलांडतात. प्रतिकृतीचा प्रश्न येथे सौंदर्यशास्त्राची हद्द ओलांडून नीतिशास्त्रात प्रवेश करतो. फलक कितीही प्रामाणिक असला तरी त्याने ब्रेक लागत नाहीत.

५

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या इच्छेखातर भंगारातील सामान जमवून एक छोटी चारचाकी तयार केली. तिचे रूप जीपचे, आणि ती सुरू होई दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून. खर्च सुमारे साठ हजार रुपये आल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी या गाडीची जाहीर दखल घेतली. ती कोणत्याच नियमात बसत नाही हे सांगून त्यांनी कल्पकतेचे कौतुक केले आणि गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल पार पडली.

या घटनेकडे सद्भावनेचा एक प्रसंग म्हणून पाहणे योग्यच आहे. परंतु समीक्षकाने तेथे थांबू नये. जीपचा इतिहास पाहा. १९४० मध्ये अमेरिकन सैन्यासाठी तिचा पहिला नमुना बँटम या लहान कंपनीने तयार केला. सैन्याने तिचे आराखडे विलीज व फोर्ड यांना पाहू दिले आणि नाव झाले ते त्यांचे. पुढे विलीजच्या परवान्याने ती महिंद्र कंपनीने भारतात बांधली. त्याच कंपनीच्या ‘रॉक्सर’ या गाडीचे मूळ रूप जीपच्या रूपहक्काचे उल्लंघन करते, असा निर्णय अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून २०२० मध्ये दिला. रूप बदलल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस ती मान्य झाली. तेव्हा एकाच रूपाच्या तीन पुनरावृत्तींपैकी एक परवाना ठरली, एक उल्लंघन ठरली आणि एक कौतुकाचा विषय झाली. मला यात कोणाचा दांभिकपणा दाखवायचा नाही. दाखवायचे आहे ते इतकेच की अनुकरणाचा निवाडा अनुकरणावरून होत नाही, अनुकरण करणारा कोण आणि त्याच्यापासून कोणाला धोका आहे यावरून होतो. लोहारांपासून कोणालाच धोका नव्हता, म्हणून त्यांची नक्कल निरागस ठरली. कौतुकात कधीकधी प्रतिस्पर्धी न मानण्याचाही अंश असतो.

याच्या उलट इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचे उदाहरण आहे. बेताचे शालेय शिक्षण झालेल्या या माणसाने १९४९ मध्ये स्वतःच्या आराखड्याची छोटी मोटार तयार केली. तिचे नाव ‘मीरा’. १९७५ पर्यंत तिची सुधारित रूपे निघत राहिली. ती कोणाची प्रतिकृती नव्हती आणि ती कधीच कारखान्यातून बाहेर पडली नाही. प्रतिकृतीला निदान मूळकृतीशी ताडून पाहता येते. स्वतंत्र कृतीला माप लावायचे तर ते माप समाजाला आधी घडवावे लागते.

नियमांविषयी सरसकट तक्रार मात्र मी करणार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम उत्पादकाने दिलेल्या तपशिलात बदल करण्यास मनाई करते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा कडक अर्थ उचलून धरला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे रक्षण हा त्यामागचा हेतू आहे. पण ब्रिटनमध्ये हौशी माणसाने बांधलेली एकेक गाडी स्वतंत्रपणे तपासून तिला मान्यता देण्याची सोय आहे. ‘तू घडव, आम्ही तपासू’ असे म्हणणारी व्यवस्था आणि ‘तू घडवू नकोस, आम्ही कौतुक करू’ असे म्हणणारी व्यवस्था यांतील फरक नैतिक स्वरूपाचा आहे. पहिली घडविणाऱ्याला जबाबदार मानते. दुसरी त्याला गुणी मूल मानते.

६

या विवेचनातून प्रतिकृतीची दोन ऋणे हाती लागतात. पहिले, जेथून घेतले त्या मूळाचे. ते फलकाने फिटते. दुसरे, ज्याला वापरायला दिले त्याचे. ते केवळ कबुलीने फिटत नाही. त्यासाठी प्रत्येक सांधा आपल्याला समजलेला असावा लागतो, कोणी विचारले तर उत्तर देता यावे लागते आणि तपासणीला उभे राहावे लागते. देवलांच्या ‘झुंजारराव’ने शेक्सपिअरकडून, ‘ती फुलराणी’ने शॉकडून सांगाडा घेतला हे जगजाहीर आहे, तरी त्या कृती आपल्या रस्त्यावर धावल्या, कारण त्यांच्या कर्त्यांना प्रत्येक वाक्य मराठी कानापुढे तपासून घ्यावे लागले.

आता समीक्षेकडे वळतो आणि उदाहरण स्वतःचे देतो. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर एक प्रकरण आहे. प्रॉपने रशियन परीकथांत शोधलेली एकतीस कार्ये मी त्या कादंबरीवर बसविली. संदर्भ चोख होते. पहिल्या ऋणात एक पैची कसूर नव्हती. मौखिक परीक्षेत त्याबद्दल प्रशंसाही झाली. पुढे काही वर्षांनी एम.ए.च्या वर्गात हेच विवेचन करीत असताना वेंगुर्ल्याकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही कार्ये काढून टाकली तर कादंबरीतले काय दिसायचे राहील?” कोंडुऱ्याची गाज ऐकत वाढलेली ती मुलगी उद्धटपणे विचारीत नव्हती. मी जे उत्तर दिले ते प्रॉपविषयी होते, ‘कोंडुरा’विषयी नव्हते, आणि तिने ते वहीत उतरवून घेतले, याची मला आजही लाज वाटते.

परकीय सिद्धान्त वापरणे हा माझा दोष नव्हता. देशी सांगाड्यावर तेच केले असते तरी फरक पडला नसता. अभिनवगुप्ताची परिभाषाही अशीच न तपासता जोडता येते, आणि अनेकदा जोडली जाते. दोष हा होता की सांधा मी जोडला होता, पण तो भार घेतो की नाही हे मी पाहिले नव्हते. आपल्याकडे प्रबंध तपासताना संदर्भांच्या काटेकोरपणावर जो भर असतो तो आवश्यकच आहे. परंतु तो फलक वाचण्यासारखा आहे. बॉनेट उघडून ‘हे कशासाठी बसविले?’ असे विचारणारा परीक्षक क्वचित भेटतो.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी आता माझ्या मार्गदर्शनाखाली लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकरणाला विचारतो. त्यामुळे काही प्रकरणे गळतात आणि काही वर्षे वाया गेल्यासारखी वाटतात. माझे स्वतःचे प्रकरण मी अजून पुन्हा लिहिलेले नाही.