मडकं वाजवून घेणारा

कुंभार पिंपळगावच्या बाजारात चहा घेताना शेजारच्या बाकावरची जत्रेच्या तमाशाची बोलणी कानावर पडली. मी मध्येच वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाट्याचं, विचारलं. एक तरुण म्हणाला, “काका, वग कोण बघतंय आता? गाणी किती अन् नाचणाऱ्या पोरी किती, तेवढं ठरलं की झालं.” घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना.

गण-गवळण उरकती झाली, वग आखडला, सिनेमाची गाणी वाढली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पैशाने कला बुडवली, असंच लिहायला बसलो होतो. पण तमाशा बिनपैशाचा होता कधी? मिठाराणीचा वग रचणारे पठ्ठे बापूराव मुंबईच्या थिएटरांत तिकिटावर खेळ करत. १९६५ साली आलेलं वसंत सबनीसांचं वगनाट्य ‘विच्छा माझी पुरी करा’ गल्ल्यावरच जगलं. दादा कोंडके त्यात ताज्या राजकारणावरचे टोले नव्याने घालत. कालचा विनोद आज शिळा व्हायचा. गल्ल्यानेच तिथे डोकं चालतं ठेवलं.

गावाच्या नावात कुंभार आहे म्हणून आठवलं. माझी आजी मडकं घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची. आवाज बद्द आला की बाजूला. कुंभार रागावायचा नाही, पुढच्या खेपेला आवा जपून लावायचा.

तंबूत तिकीट काढून बसलेला माणूस असा मडकं वाजवणारा. वग फसला तर दुसऱ्या रात्री कनातीत शुकशुकाट. गावाने रक्कम ठरवून फड बोलावला, म्हणजे सुपारी दिली, की तसं नाही. गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्यांवर गावोगावची माणसं येतात, जत्रेच्या तारखा ठरतात. पैसा वर्गणीचा, ठरवणारे चार-पाच जण, बघणारं सगळं गाव. वग रंगो की पडो, फडाला मिळायचं ते ठरलेलंच.

माझे एक प्राध्यापक स्नेही म्हणतात, तमाशाला बाजारातून सोडवा, अनुदान द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदकं मिळाली. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले, २००२ साली त्या गेल्या. हंगाम बुडाला तर फडाला आधार हवा, हे मला मान्य आहे. पण निव्वळ अनुदानावरचा खेळ हीदेखील सुपारीच: देणारा एक, बघणारा दुसरा. मडकं वाजवायचं कोणी?

त्या तरुणाने स्वतःच्या पैशाने तंबूत बसून वग पाहिलाय का, हे विचारायचं राहून गेलं. वर्गणी मागायला ती मंडळी येतील तेव्हा विचारीन. आणि जत्रेतली एक रात्र तिकिटाची ठेवा, पहिलं तिकीट माझं, असंही सांगीन.