वाटल्याने वाढणारे आणि वाटल्याने सरणारे

विद्याधन दिल्याने वाढते, ही समजूत आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की, तिची परीक्षा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. पिंपरीस १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हा या समजुतीची सत्यता पटली असेच म्हणावे लागेल. पेनिसिलिन करण्याची विद्या परदेशांतून पिंपरीस आली. तेणेकरून देणाऱ्यांची विद्या उणी झाली नाही, आणि येथील रोग्यांस औषध मिळाले. परंतु ज्या वस्तूविषयीचे ज्ञान आपण वाटतो, ती वस्तूही वाटल्याने वाढते काय? हा प्रश्न निराळा आहे, आणि समुद्र व मासळी यांच्या अभ्यासात तो आज टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या यंत्रांच्या मुलखास समुद्राशी काय कर्तव्य, असे वाचकांस वाटेल. परंतु तेथून थोड्याच अंतरावर, पुण्यात पाषाण येथे, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम हिंदी महासागरात माशांच्या अन्नाचे मूळ असलेल्या सूक्ष्म वनस्पती गेल्या सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पृष्ठभागाचे पाणी तापले म्हणजे ते हलके होऊन वरच राहते. मग खालचे थंड व पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येऊन मिसळत नाही, आणि वनस्पतींची उपासमार होते. आता, हा सिद्धान्त कोणा एका संस्थेच्या पुंजीतून निघण्याजोगा नव्हता. त्यास परदेशी उपग्रहांनी टिपलेला समुद्राचा रंग लागला, आणि अनेक देशांतील संशोधकांनी संगणकांवर मांडून सर्वांस खुली केलेली पृथ्वीची गणिते लागली. आज जगाच्या समुद्रांत आर्गो नावाची सुमारे चार हजार यंत्रे वाहत असतात. ती साधारणतः दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपर्यंत जाऊन वर येतात, आणि पाण्याचे तापमान व क्षारता कळवितात. त्यांचे आकडे बहुधा एका दिवसाच्या आत कोणासही विनामूल्य पाहता येतात. राष्ट्रे एकमेकांपासून किती गोष्टी लपवितात हे ध्यानी घेता, हे औदार्य सामान्य नव्हे.

येथवर जुने वचन खरे ठरले. पुढे मात्र अडचण येते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने पाण्याची उष्णता व त्यातील हरितद्रव्य पाहून, मासळी कोठे एकवटण्याचा संभव आहे, हे कोळीबांधवांस कळविते. यामुळे डिझेल वाचते, हेलपाटे वाचतात. हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण दवंडी सर्वांस सारखी ऐकू आली तरी सर्वांच्या होड्या सारख्या नसतात. ज्याच्यापाशी मोठे यंत्र व मोठे जाळे तो आधी पोचतो व अधिक नेतो. लहान होडीच्या धन्यास वार्ता मिळते, मासा मिळतोच असे नाही. ज्ञान वाटले तरी माझ्यापाशी उरते. मासा दुसऱ्याने नेला म्हणजे तो मला उरत नाही. वाढणारे धन हाती देऊन आपण सरणाऱ्या धनाची वाट दाखवितो, ही खरी गोम आहे.

मग ज्ञान झाकून ठेवावे काय? मुळीच नाही. झाकलेले ज्ञान नष्ट होत नसते. ते फक्त बलवानांच्या तिजोरीत जाते. लहान कोळ्यास ते उघडे असण्यातच आशा आहे. म्हणून उपाय लपविण्यात नसून, ज्ञानाबरोबर संयमही वाटून घेण्यात आहे. पेनिसिलिनचा धडाही शेवटी हाच नव्हे काय? त्याचा बेताल उपयोग झाल्यास रोगजंतू त्यास जुमानणार नाहीत, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ सालीच दिला होता, आणि तो खरा झाला.

समुद्राच्या बाबतीत अशा संयमाचा आरंभ झालेला आहे. मासेमारीच्या बंदीच्या काळात हैदराबादची ही वार्ता थांबते. जाणत असूनही न सांगणे हे येथे कर्तव्य ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये, हा हेतू. परंतु अशी मापे ठरतात कशावरून? बंदरावर उतरलेल्या टोपल्या मोजून. म्हणजे ज्या आकड्यांवर निर्बंध उभे राहतात ते मुळात कोळ्याच्या श्रमातून आलेले असतात. ज्याने आकडा दिला त्यास निर्णयाच्या बैठकीत जागा नसावी, आणि निर्बंध मात्र प्रथम त्याच्या जाळ्यावर यावा, हे न्यायाचे नव्हे. विद्येचे देणे विद्येने फिटत नाही. त्यास सन्मानाची व सहभागाची जोड लागते.

आणि आपण, जे घाटावर बसून मासळी केवळ बाजारात पाहतो, ते या हिशेबातून सुटलो असे समजू नये. पापलेट त्याच वर्षी राज्याचा मासा म्हणून घोषित झाले. परंतु तळहाताहून लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून आपण पिशवीत टाकतो, तेव्हा किनाऱ्यावरील सारी मोजणी आपण एका क्षणात व्यर्थ करतो. समुद्राविषयी आज जितके ज्ञान सर्वांस खुले आहे तितके पूर्वी कधीही नव्हते. अज्ञानाची सबब त्यामुळे गेली, एवढेच काय ते खरे; तिच्या जागी जबाबदारी आली आहे, आणि तीही, ज्ञानाप्रमाणेच, सर्वांनी वाटून घेण्याची आहे.