शोकनाट्य आणि जबाबदारी

पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांना पूर येऊन राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरले आणि दुकानांतील माल भिजला, की त्या प्रसंगाला शोकांतिका म्हणण्याची आपल्या वृत्तपत्रांना आणि व्यासपीठांवरील वक्त्यांना आता सवय जडली आहे. ज्या जलमार्गाच्या भरवशावर इंग्रजांनी १६४९ साली येथे वखार घातली, त्या मार्गाने गावाच्या जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत गलबते येऊ शकत नाहीत, असे १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरात नमूद आहे. म्हणजे पाणवाट उथळ होत चालल्याची वर्दी सरकारदप्तरी दाखल होऊन जवळजवळ दीड शतक लोटले. इतकी जुनी वर्दी असलेल्या आपत्तीस शोकांतिका म्हटले की हळहळ तेवढी शिल्लक राहते आणि जाब विचारण्याचे काम तहकूब होते. माझ्या मते ग्रीकांनी ही कल्पना घडविली होती ती जाब विचारण्यासाठीच. तेव्हा तिचा अर्थ इतका उलटा कसा झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

आरंभीचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. डायोनिससच्या उत्सवातील समूहगान, त्यातून वेगळा झालेला पहिला नट, एस्किलसने आणलेला दुसरा आणि सॉफक्लीझने आणलेला तिसरा, यांविषयी कोणाचा फारसा वाद नाही. हा इतिहास घाईने सांगताना एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे नगर घेतले. त्या प्रसंगावर फ्रिनिकसने नाटक रचले, सारे प्रेक्षागृह अश्रूंनी भिजले, आणि स्वकीयांच्या आपत्तीची आठवण करून दिली म्हणून अथेन्सने कवीस एक हजार द्राख्मा दंड ठोठावून त्या नाटकास कायमची मनाई केली, असे हिरोडोटस सांगतो. उलट, ४७२ मध्ये एस्किलसने शत्रूच्या दरबारातील शोक रंगभूमीवर आणला आणि समुद्रावर सेतू घालणाऱ्या झर्क्सीझच्या कृत्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यास पहिले पारितोषिक मिळाले. त्याच कवीची ४५८ मधील नाट्यत्रयी खुनामागून खून पाहत अखेर न्यायासनासमोर येते आणि मतदानाने ओरेस्टीझच्या मुक्ततेचा निकाल देते. दुःखद शेवट ही या नाट्याची अटच नव्हती. कृत्य कोणाचे, ते जाणून झाले की अजाणता, आणि त्याचा भार कोणी वाहावा, हे त्याचे प्रश्न होते.

खरी गफलत झाली ती पुढे, आणि तीही अरिस्टॉटलच्या एका विधानावरून. नायक उच्च पदावरून खाली येतो तो दुष्टपणामुळे नव्हे, एखाद्या प्रमादामुळे येतो, असे त्याने काव्यशास्त्रात लिहिले. या प्रमादाला इटलीतील प्रबोधनकालीन भाष्यकारांनी नीतीचा रंग चढविला. आणि १९०४ साली ग्रंथरूपाने आलेल्या ब्रॅडलीच्या शेक्सपिअरविषयक व्याख्यानांपर्यंत येताना विवेचनाचा सारा भर कृतीवरून स्वभावावर सरकला. आपल्याकडे तर शेक्सपिअर आधी आला आणि ग्रीक मागाहून. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ चा, आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे. राजापूरशेजारच्या देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी अरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले ते १९५७ साली, आणि पु. ल. देशपांडे यांचा 'राजा ओयदिपौस' त्याहूनही पुढचा, १९७९ चा. तोवर मत्सर, महत्त्वाकांक्षा, मद्य असा एखादा दोष हुडकून त्यावर सर्वनाशाची जबाबदारी टाकण्याची आपली वाचनरीत पक्की झाली होती. 'एकच प्याला' मधील सुधाकराला लावलेले माप आपण इडिपसलाही लावले, आणि तो रागीट व गर्विष्ठ होता म्हणून बुडाला, असे विद्यार्थ्यांस शिकविले.

परंतु इडिपस शांत स्वभावाचा असता, तरी तो लायसचाच मुलगा राहिला असता. त्याचा प्रमाद अज्ञानाचा आहे, आणि सॉफक्लीझच्या त्या नाटकाचा सांगाडा एखाद्या फौजदारी चौकशीचा आहे. नगरात रोगाची साथ पसरलेली, देववाणीने जुन्या खुनाकडे बोट दाखविलेले. राजा खुन्यास हद्दपार करण्याचा हुकूम जाहीर करतो, साक्षीदारांस पाचारण करतो, एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहतो. माग त्याच्याच उंबरठ्याकडे वळू लागल्यावर त्याची राणी योकास्टा हा तपास थांबविण्याची विनवणी करते. तो थांबवीत नाही. सत्य उघडे पडल्यावर हे भोग अपोलोने आणले हे मान्य करूनही, डोळ्यांवर घाव घालणारा हात आपलाच होता, असे तो सांगतो. कवीच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या 'कोलोनसमधील इडिपस' या नाटकात तोच वृद्ध राजा आपण अजाणता वागलो, कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहोत, असा युक्तिवाद करतो. दोष नसतानाही भार उचलणे, आणि भार उचलूनही दोष न मानणे, या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या ठायी नांदू शकतात, हे ग्रीकांस कळले होते. सॉफक्लीझच्याच क्रेऑन राजाच्या हट्टासारखा स्वभाव आपले काम करतो, हे मला मान्य आहे. पण अरिस्टॉटलने घटनेस पहिले स्थान दिले आणि स्वभावास दुसरे, ते विचारपूर्वक.

त्याच अरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात माणसाच्या हातून घडणाऱ्या हानीचे प्रकार पाडले आहेत, आणि काव्यशास्त्रातील ते विधान या विवेचनाशेजारी ठेवून वाचले नाही तर त्याचा अर्थ निसटतो. समंजस अपेक्षेबाहेर हानी झाली तर तो अपघात. अपेक्षा करता आली असती, पण मनात दुष्टपणा नव्हता, तर तो प्रमाद. आणि जाणूनबुजून झाली तर तो अन्याय. पुराचे पाणी पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा त्यास अपघात म्हणता आले असते, दुसऱ्यांदा प्रमाद. पण गाळ दिसत असताना, पाणी कोठवर चढते हे दुकानदारास ठाऊक असताना, तेच पुन्हा पुन्हा घडू दिले जाते, तेव्हा तिसऱ्या सदराखेरीज त्याची नोंद कोठे करावयाची? स्वभावदोषाचे तत्त्वज्ञान येथे फार सोयीचे पडते. कारण मग बुडालेल्याने चौकातच दुकान का थाटले, असे त्यालाच विचारता येते, आणि उरलेला भाग दैवाच्या खाती लिहिता येतो.

म्हणून एखाद्या आपत्तीस शोकांतिका म्हणू इच्छिणाऱ्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हे अनपेक्षित होते काय? हे अजाणता घडले काय? आणि ज्याच्या हातून घडले त्याने ते आपले म्हणून स्वीकारले काय? पहिले दोन प्रश्न अरिस्टॉटलचे आहेत, तिसरा सॉफक्लीझचा; आणि त्या तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणतेही प्रकरण निकालात काढण्याचा अधिकार कोणासही नाही.