दृष्टी आणि भूमी

हिरकणीवाडीत, रायगडाच्या रज्जुमार्गाच्या पायथ्याशी उभे राहून निकॉनच्या झेड मालिकेतील तीन प्रमाणभूत झूम भिंगांची तुलना करू जाता, जो प्रश्न प्रथमदर्शनी केवळ किमतीचा आणि वजनाचा भासतो, तो हळूहळू दर्शनशास्त्राच्या दफ्तरी दाखल होतो. २४-७० एफ/४ हे भिंग ५०० ग्रॅमचे, २४-१२० एफ/४ हे ६३० ग्रॅमचे. आणि २४-७० एफ/२.८ हे पहिल्या आवृत्तीत ८०५ ग्रॅमचे असून एफ/४ च्या दुप्पट प्रकाश आत घेते, ज्याची मातबरी आषाढात गडावर ढग उतरले म्हणजे कळते. २४ मिलिमीटरला कर्णरेषेवर सुमारे ८४ अंशांचा देखावा सामावतो, ७० ला सुमारे ३४, १२० ला जेमतेम २०.

परंतु झूमच्या या फिरवाफिरवीने समोरचे घर आणि मागचा कडा यांच्यातील प्रमाण यत्किंचितही पालटत नाही. ते पालटते उभे राहण्याची जागा बदलल्यानेच. प्रत्येक अंशदृष्टी, ती इतर दृष्टींचा निषेध करीत नाही तोवर, सत्य होय, हा जैन आचार्यांचा नयविचार मला येथे प्रत्यक्ष दिसतो. दंतकथेतील हिरकणी तान्ह्याच्या ओढीने जो कडा रात्री उतरली, तो तिला वरून जसा दिसला असेल, तसा वाडीतून कोणत्याही भिंगाला दिसणे नाही.

माझा कौल २४-१२० ला आहे, कारण भिंगे बदलण्यात खर्ची पडणारे अवधान त्यामुळे वाचते आणि पाय चालते राहतात. ज्याला गडावरील जगदीश्वर मंदिराच्या मंडपातील मंद उजेडात हलती माणसे टिपावयाची असतील, त्याने मात्र ८०५ ग्रॅमांचा भार खुशाल वाहावा.