न दुखवता जाणता येते का?

आपल्या घरांत झाडू मारतानाही मुंगीची रांग चुकवतात. मग मुलगी बारावीनंतर जीवशास्त्र घेते म्हणाली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "कॉमर्सला घाला की हो, ती चिरफाड कशाला आपल्या घरात?" दुसरा म्हणतो, "शिकायचे तर एवढे चालायचेच." दोघांची भाषा वेगळी, पण समज एकच. सजीवांविषयी जाणून घ्यायचे तर त्यांना दुखवावेच लागते, हे दोघांनीही धरून चाललेले असते.

ही समज कितपत खरी, हे तपासायला मला जे. बी. एस. हॉल्डेन या माणसाचे आयुष्य फार उपयोगी पडले. जन्म १८९२, ऑक्सफर्ड. उत्क्रांती आणि आनुवंशिकता यांची गणिती सांगड ज्या तिघांनी घातली त्यांतले हे एक. बाकीचे दोघे फिशर आणि राइट. हॉल्डेन काही साधुपुरुष नव्हते. पहिल्या महायुद्धात ते बॉम्ब फेकणारे अधिकारी होते, १९२५ मध्ये त्यांनी विषारी वायूच्या युद्धाचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. अशा माणसाने पुढे भारतात येऊन अहिंसक जीवशास्त्राचा आग्रह धरला, म्हणून त्यांचे म्हणणे मला जास्त ऐकावेसे वाटते.

त्यांचे सुरुवातीचे मोठे काम बघा. मँचेस्टरच्या परिसरात एक करडा ठिपकेदार पतंग असे. १८४८ च्या सुमारास त्यात एखादाच काळा सापडे. कारखान्यांचा धूर वाढला आणि शतक संपेपर्यंत बहुतेक सगळे काळे झाले. हॉल्डेन यांनी १९२४ मध्ये कागदावर हिशेब मांडला. इतक्या थोड्या पिढ्यांत हा बदल व्हायचा तर करड्यापेक्षा काळ्याची जगून वंश वाढवण्याची शक्यता जवळजवळ दीडपट असली पाहिजे. एकाही पतंगाला हात न लावता निघालेले हे उत्तर! पण जरा थांबा. आधीच्या लोकांनी ते पतंग पकडून, टाचण्या टोचून पेट्यांत ठेवले होते, म्हणून तर काळे किती आणि करडे किती हे कळले. गणित स्वच्छ होते, पण त्याच्या खालची माहिती तितकी स्वच्छ नव्हती.

१९५७ मध्ये त्यांनी आणखी एक हिशेब केला. निसर्गात एका जनुकाची जागा दुसऱ्या जनुकाने घ्यायची तर किती जीव वंश न ठेवता जावे लागतात? उत्तर आले, एका पिढीत जितके जीव असतात त्याच्या साधारण तीसपट, आणि हे घडायला सुमारे ३०० पिढ्या. पुढे या आकड्यांवर पुष्कळ वाद झाले. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. निसर्ग आपल्याला अहिंसा शिकवत नाही. 'निसर्गातच मारामारी आहे, मग आपण का नको' असे म्हणणाऱ्याला हॉल्डेनचा हिशेब वरवर सोयीचा वाटेल. पण काय घडते हे सांगणे वेगळे, आपण काय करावे हे ठरवणे वेगळे. पाऊस पडतो म्हणून कुणी दुसऱ्याच्या घराचे छप्पर काढत नाही.

आता त्यांचे प्रयोग. १९३९ च्या जूनमध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली, ९९ माणसे गेली. त्यांना काय झाले असेल, आणि पुढच्यांना कसे वाचवता येईल, हे शोधताना हॉल्डेन स्वतः बंद पोलादी कोठीत बसले. दूषित हवा घेतली, दाबाखालचा प्राणवायू घेतला, झटके आले, पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली. खाणीतल्या विषारी हवेवर काम करणाऱ्या वडिलांकडून त्यांनी हा धडा घेतला होता: जे दुसऱ्याच्या शरीरावर करणार, ते आधी आपल्यावर करून बघावे. आपल्याकडे तप करणारा स्वतःच्या देहाला कष्ट देतो, पण शेजाऱ्याला उपाशी ठेवत नाही. मला तो नियम इथे आठवला.

१९५७ मध्ये महालनोबिसांच्या बोलावण्यावरून ते कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भुवनेश्वरला गेले, भारताचे नागरिक झाले. पक्ष्यांचा अभ्यास न मारता कसा करावा, यावरचा त्यांचा लेख १९५९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांचे सहकारीही तसेच तयार झाले. एस. के. रॉय प्राजक्ताच्या पाकळ्या मोजत बसले. एकाच झाडाच्या फुलांत पाकळ्या कमीजास्त का, त्याची सरासरी काय. हे फूल तर पहाटे आपोआप गळते, तोडावेही लागत नाही. टी. ए. डेव्हिस यांनी माड पाहिले. गोव्याच्या मैत्रिणींनो, तुमच्या परसातला माड नीट बघा. झावळ्यांची फिरकी कुठे डावी असते, कुठे उजवी. हजारो माड तपासून त्यांनी दाखवले की ही फिरकी आईबापांकडून येत नाही. सुरेश जयकर आणि हॉल्डेनच्या पत्नी हेलन स्परवे यांनी माळटिटवीची घरटी लांबून न्याहाळली. यातल्या कुठल्याच कामाला महागडे यंत्र नको होते. मोजदाद हवी आणि धीर हवा. दोन्ही आपल्या बायकांकडे काही कमी नाहीत.

हे सारे मी उत्साहाने माझ्या भाचीला सांगितले. ती जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करते. म्हणाली, "मावशी, छान आहे. पण पाकळ्या मोजून थॅलेसेमियाचे औषध निघेल का गं?"

प्रश्न खोटा नाही, आणि तो थेट हॉल्डेनपर्यंतच जातो. थॅलेसेमियासारखा घातक दोष काही प्रदेशांत टिकून का राहतो, याचे उत्तर त्यांनी १९४९ मध्ये विचाराने सुचवले: ज्याच्यात त्या दोषाचा अर्धाच वाटा आहे, त्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. पुढे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तेच पडताळले. कसे? स्वयंसेवक म्हणून आलेल्या ३० लुओ पुरुषांना मलेरियाचा संसर्ग करून. सिकलसेलचा अंश असलेल्या १५ जणांपैकी दोघांच्या रक्तात जंतू वाढले, नसलेल्या १५ पैकी चौदा जणांच्या. कल्पना कागदावर सुचली. तिचा पुरावा मात्र दुसऱ्यांच्या रक्तातून आला. विदर्भातल्या ज्या घरांत आज सिकलसेल आहे, त्यांच्यासाठी ही माहिती फुकट आलेली नाही.

इथे आपल्या घरातली जुनी विभागणी मला मदतीला येते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे, आणि केलेल्याला संमती देणे. तिन्हींचा वाटा हिंसेत धरतात. हॉल्डेनना हीच फूटपट्टी लावली तर 'करणे' त्यांनी खूप कमी केले. तिसऱ्या ठिकाणी मात्र ते कमी पडले. रशियात आनुवंशिकीवर लायसेन्कोचा वरवंटा फिरला, वाविलोव्हसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला. हॉल्डेन कम्युनिस्ट होते. खरे-खोटे त्यांच्याइतके कुणाला कळत होते? तरी स्पष्ट निषेध करायला ते कचरले. पुढे पक्षापासून हळूहळू दूर झाले, एवढेच. ज्याने स्वतःच्या मणक्याची पर्वा केली नाही, त्याला दोन वाक्ये लिहिणे जड गेले.

आणि आपण? मुलीला प्रयोगशाळेपासून दूर ठेवायचे, पण उंदरांवर तपासलेली रक्तदाबाची गोळी सूर्यास्ताआधी न चुकता घ्यायची. गोळी सोडा असे मी म्हणत नाही, मीही घेते. पण ती घेताना हात स्वच्छ असल्याचा भाव तरी नको. ज्या घराने आपली मुलगी त्या खोलीत पाठवली नाही, त्या घराचे तिथे काही चालतही नाही.

मला वाटते, कळवळा असलेली मुलगीच तिथे जायला हवी. 'हा जीव खरेच लागतो का? मोजून, पाहून, संगणकावर भागेल का? लागत असेल तर कमीत कमी किती? आणि माणसाचे शरीर असेल तर त्याला सगळे समजावून विचारले का?' हे प्रश्न तिथे कुणीतरी उभे राहून विचारावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातून प्राण्यांची चिरफाड काढायला सांगितले, तेही असे प्रश्न वर्षानुवर्षे विचारले गेले म्हणून. बाहेर बसून नाक मुरडणाऱ्यांनी ते झाले नसते.

हॉल्डेन १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने गेले. देह त्यांनी काकीनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला देऊन ठेवला होता. मुलांना शिकायला देह लागतोच, मग तो आपला असू दे, इतका सरळ हिशेब. भाचीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण देहदानाचा अर्ज मी मागवला आहे, आणि घरात त्यावर बोलणे सुरू झाले आहे.