तुळशीपत्र : पूजेचे आणि औषधाचे



श्रीविठ्ठलाच्या पूजेत तुळशीचे स्थान काय आहे, हे आपणांस सांगावयास नको. नैवेद्यावर तुळशीदल ठेवल्यावाचून तो देवास पोहोचत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. आषाढी वारीत मायभगिनी डोईवर वृंदावन घेऊन वाट चालतात आणि गळ्यात तुळशीची माळ घालणारा मद्यमांस वर्ज्य करतो. रुक्मिणीमातेच्या तुळशीपत्राची कथाही आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकली असेल. सत्यभामेच्या साऱ्या अलंकारांनी जे पारडे हलले नाही, ते एका पानाने खाली बसले. त्या पानाला वजन होते ते भावाचे. एवढे ध्यानी ठेवून पुढील मजकूर वाचावा, ही विनंती; कारण ते ध्यानी न ठेवण्याची चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली आहे.

तुळशीचे औषधी गुण आपल्या पूर्वजांनी फार प्राचीन काळी ओळखले होते. चरकसंहितेत 'सुरस' या नावाने तिचा उल्लेख असून उचकी, खोकला, दमा व बरगडीतील शूळ यांवर ती उपयुक्त सांगितली आहे. ती कफ व वात शमविते, पण पित्त वाढविते, हेही तेथेच नमूद आहे. तुळस पवित्र म्हणून कितीही खावी, असे समजणाऱ्यांनी हे दुसरे वाक्यही वाचावे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांस तिचा काढा मानवत नाही. पानांना जो उग्र गंध येतो तो त्यांतील सुगंधी तेलाचा. त्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य लवंगेतही असते. (सब्जा तुळशीच्याच कुळातील, परंतु निराळा. त्याचे बी भिजवून सरबतात घालतात, ते थंड, तुळस उष्ण.) तुळस रात्रीही प्राणवायू सोडते, असे अनेक पुस्तिकांतून छापले जाते. वनस्पती प्राणवायू निर्माण करतात त्या उजेडात, आणि तुळस त्यास अपवाद नाही. तिची थोरवी अशा आधारावर उभी करण्याचे कारणही नाही.

साध्या सर्दी-पडशात पाच-सात पाने, आल्याचा तुकडा व दोन मिरे दोन कप पाण्यात टाकून निम्मे होईपर्यंत उकळावे. कोमट झाल्यावर चवीपुरता मध घालावा. घसा मोकळा होतो, घाम येऊन अंग हलके वाटते. एक वर्षाच्या आतील बालकास मात्र मध मुळीच देऊ नये. गर्भवती स्त्रियांनी, तसेच रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज काढा अथवा रस नित्य घेऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, तर काढ्यावर विसंबू नये. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी विनामूल्य होते, ती करून घ्यावी.

आता त्या चुकीविषयी. या पुस्तिकेच्या एका मागील आवृत्तीत, याच विषयाच्या पानावर, 'नित्य तुळशीसेवनाने सर्व व्याधींचा नाश होतो' असे वाक्य मी लिहिले होते. मी कला शाखेचा पदवीधर. वैद्यकाचे ज्ञान नाही, वाक्य मात्र कानाला गोड वाटले. पुढे एका कार्तिकी यात्रेत साठीचे एक वारकरी दर्शनबारीत घेरी येऊन पडले. प्रथमोपचार कक्षात तपासले तेव्हा रक्तातील साखर फार वाढलेली आढळली. पायाच्या बोटांना जखम होती आणि तिची त्यांना जाणीवही नव्हती. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी तीन महिन्यांपासून बंद केल्या होत्या. कारण विचारले तेव्हा त्यांनी पिशवीतून आपली ही पुस्तिका काढली. ते पान दुमडून ठेवलेले होते. "माउली, हे तुमच्याच देवस्थानाचं आहे ना?" असे ते म्हणाले. स्वरात तक्रार नव्हती, खात्री होती. त्यांची दोन बोटे काढावी लागली. आता ते एसटीने येतात आणि कार्यालयात आवर्जून डोकावतात. मला त्यांच्या पायांकडे पाहवत नाही.

मधुमेही व्यक्तींवर झालेल्या काही लहान अभ्यासांत तुळशीच्या पानांनी साखर थोडी उतरल्याचे दिसले आहे, हे खरे. परंतु थोडी उतरणे म्हणजे गोळीची जागा घेणे नव्हे. उलट गोळ्या चालू असता रसाचे प्रमाण वाढविल्यास साखर नको तितकी खाली जाण्याचा संभव असतो. गोळी घेतली म्हणजे देवावरील विश्वास उणा पडला, असे काही भाविक बोलून दाखवितात. त्यांनी विचार करावा की, समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन आलेले धन्वंतरी हेही श्रीविष्णूचेच रूप मानले आहे. मग वैद्याच्या हातून मिळणारे औषध देवाचे नव्हे, असे कसे म्हणावे? तुळशीपत्र चरणी वाहताना भावाला मोल आहे. तेच पान औषध म्हणून पोटात गेले की ते पानाइतकेच काम करते.

यात्राकाळात नदीचे पाणी बाटलीत भरून त्यात तुळस टाकून पिणारे भाविक दृष्टीस पडतात. तुळशीपत्राने ते पाणी तीर्थ होईल, निर्जंतुक होणार नाही. गत शतकांत वारीच्या वाटेवर पटकीने किती माणसे नेली, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. नदीचे पाणी मस्तकी लावावे. पिण्यासाठी नळाचे शुद्ध केलेले अथवा उकळलेले पाणी घ्यावे.

बाजारातील हारांची तुळस खाण्यासाठी वापरू नये, तिच्यावर कीटकनाशक फवारलेले असू शकते. काढ्यासाठी दारची तुळस बरी, तीही धुऊन घ्यावी. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी मातीवर भुरभुरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि हलके पाणी शिंपडावे. ज्यांना तयार रोप हवे असेल त्यांनी देणगी कक्षाशेजारी चौकशी करावी. रोपाचे मूल्य घेतले जात नाही.